विशेष शिक्षकाला मुलाचा गणिती विचार वाचता यायला हवा

मराठवाड्यात दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की बोलणे प्रमाणपत्रे, साहित्य-साधनांचे वाटप, मदतनीस भत्ता आणि विशेष शिक्षकांची रिकामी पदे यांच्याभोवती फिरते. हे सारे प्रश्न खरे आहेत, आणि त्यांच्यापायी पालकांना गटसाधन केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत किती खेटे घालावे लागतात हे आपल्याकडच्या कोणत्याही तालुक्यात पाहायला मिळते. परंतु हे सगळे मिळाल्यानंतर विशेष शिक्षक आणि मूल समोरासमोर बसून गणित करू लागतात, तेव्हा तिथे नेमके काय घडते याविषयी आपण जवळजवळ बोलतच नाही. माझे म्हणणे असे आहे की विशेष शिक्षकाला दिव्यांगत्वाचे प्रकार, लक्षणे आणि तरतुदी यांची जेवढी माहिती दिली जाते, त्या मानाने मूल संख्येविषयी कसा विचार करते याची माहिती त्याला फारच थोडी मिळते. आणि जोपर्यंत ही उणीव भरून निघत नाही तोपर्यंत पदे भरली तरी मुलांचे गणित जिथल्या तिथेच राहील.

बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतील चौथीच्या मुलीची वही माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिच्याकडे बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र आहे. वहीत वजाबाकीची पाच उदाहरणे होती. 68 मधून 25 आणि 89 मधून 36 ही दोन तिने बरोबर सोडवली होती. 43 मधून 18 वजा करून तिने 35 लिहिले होते, 52 मधून 27 वजा करूनही 35, आणि 60 मधून 24 वजा करून 44. खाली शेरा होता : ‘हातच्याची वजाबाकी येत नाही. सराव आवश्यक.’ पहिले पस्तीस कसे आले असे विचारल्यावर तिने तीनवर आणि आठवर बोट ठेवले आणि म्हणाली, "तिनातून आठ जात न्हाईत. म्हून आठातून तीन काढले." साठच्या उदाहरणातही तिने तेच केले होते, शून्यातून चार जात नाहीत, म्हणून चारातून शून्य.

या मुलीने पाचही उदाहरणे एकाच नियमाने सोडवलेली आहेत. तो नियम तिला कोणीतरी शिकवलेलाही आहे, कारण पहिली-दुसरीत आपण सगळेच सांगतो की वजाबाकीत मोठ्या संख्येतून लहान संख्या काढायची. तिने तो नियम प्रत्येक घरातल्या अंकाला लावला, कारण 43 ही तिच्या दृष्टीने एक संख्या नसून शेजारी शेजारी लिहिलेले दोन अंक आहेत. तेव्हा तिला हातचा समजलेला नाही हे निदान वरवरचे ठरते. तिची खरी अडचण दशक-एककाच्या कल्पनेत आहे. तिला अशीच आणखी वीस उदाहरणे सरावाला दिली, तर ती वीस वेळा हाच नियम वापरेल आणि तो अधिक पक्का होईल. तिच्यापुढे काड्यांचे चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या ठेवून त्यांतून अठरा मागितल्या, तर एक गठ्ठा सोडण्याची गरज तिची तिलाच पडते, आणि मग हातच्याला काही अर्थ येतो.

मुलांच्या चुकांना असा आतला नियम असतो ही गोष्ट नवी नाही. जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी 1978 मध्ये मुलांच्या वजाबाकीतील चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यांपैकी पुष्कळशा चुका धांदरटपणाच्या नसून मूल निष्ठेने पाळत असलेल्या सदोष कृतींच्या असतात हे दाखवून दिले. मोठ्या अंकातून लहान अंक काढणे ही त्यांतली सर्वांत परिचित कृती. म्हणजे बीड जिल्ह्यातल्या त्या मुलीने जी चूक केली ती जगभरची, कोणतेही प्रमाणपत्र नसलेली मुलेही करतात. फरक एवढाच पडतो की प्रमाणपत्र नसलेल्या मुलाने ती केली तर शिक्षक निदान कारण शोधतो, आणि प्रमाणपत्र असलेल्या मुलाने केली तर कारण आधीच फाईलमध्ये लिहून ठेवलेले असते. मला या प्रश्नातील सर्वांत गंभीर भाग हाच वाटतो. दिव्यांगत्वाचे नाव एकदा मिळाले की मुलाची प्रत्येक चूक त्या नावाच्या खाती जमा होते, आणि त्या चुकीमागे काही विचार असेल अशी अपेक्षाच उरत नाही.

याचा दोष मी विशेष शिक्षकांच्या माथी मारू इच्छित नाही. त्यांच्या हाती दिलेली साधनेच तशी आहेत. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या मूल्यमापनासाठी आपल्याकडे सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेली एफएसीपी ही पडताळासूची मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तीत मूल एखादी कृती स्वतःहून करते, शाब्दिक मदतीने करते, हात धरून करते की करतच नाही, याच्या खुणा करायच्या असतात. स्वावलंबनाच्या कृतींसाठी ही नोंद उपयोगी आहे यात शंका नाही; जेवणे, बटणे लावणे, हात धुणे यांत मदत किती लागली हीच महत्त्वाची माहिती असते. पण मोजणीच्या बाबतीत अशी खूण फसवी ठरते. सात चिंचोके समोर ठेवले असता एकेकावर बोट ठेवून ‘एक, दोन, तीन’ करत सातपर्यंत बिनचूक जाणारी मुले असतात, आणि त्यांना लगेच ‘मग किती झाले?’ असे विचारले की ती पुन्हा एकपासून मोजू लागतात. त्यांना क्रम येतो, एकेका वस्तूला एकेक शब्द जोडता येतो, पण शेवटचा उच्चारलेला शब्द हा सगळ्या चिंचोक्यांचा मिळून आकडा आहे, हे अजून उमगलेले नसते. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्येच मोजणीमागची ही वेगवेगळी तत्त्वे मांडली. सूचीत मात्र ‘दहापर्यंत वस्तू मोजतो’ यापुढे अधिकचे चिन्ह पडते आणि शिक्षक पुढच्या उद्दिष्टाकडे, म्हणजे बेरजेकडे, वळतो. ज्या मुलाला सात म्हणजे सगळे मिळून सात हे कळलेले नाही, त्याच्यापुढे सात अधिक दोन ठेवले जातात, आणि मग त्याला बेरीज जमत नाही अशी नोंद होते.

प्रत्येक दिव्यांग मुलासाठी स्वतंत्रपणे आखल्या जाणाऱ्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यांचेही तेच झाले आहे. ‘दहापैकी आठ उदाहरणे बरोबर सोडवेल’ या वाक्याने उद्दिष्ट लिहिले की ते मोजता येते, तपासणीत दाखवता येते. पण उरलेली दोन कशी चुकली, आणि बरोबर आलेली आठ तरी कोणत्या रीतीने आली, याला त्या आराखड्यात जागाच नाही.

शाब्दिक उदाहरणांत याहून मोठे नुकसान होते. श्रवणदोष असलेल्या मुलांना भाषेचा अडसर असतो म्हणून त्यांना खुणेचे शब्द शिकवण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी रूढ आहे : ‘एकूण’ दिसले की बेरीज, ‘उरले’ दिसले की वजाबाकी. हेतू चांगला आहे. आता हे उदाहरण पाहा : सलीमने त्याच्याजवळच्या गोट्यांपैकी 5 मित्राला दिल्या, त्याच्याजवळ 8 उरल्या, तर आधी किती होत्या? खुणेचा शब्द पाहणारे मूल आठातून पाच काढून तीन लिहिते. दिल्यानंतर आठ उरल्या असताना आधी तीनच कशा असतील, हा प्रश्न त्याला पडत नाही, कारण त्याला गोष्ट समजून घ्यायला शिकवलेलेच नसते. हेच उदाहरण दोन मुलांना उभे करून, गोट्या हातात देऊन खुणांच्या भाषेत घडवून दाखवले, तर उत्तर गाठण्याची त्याची शक्यता कितीतरी वाढते. त्याची अडचण घटनांचा क्रम वाक्यातून उलगडण्याची होती, बेरजेची नव्हती. शिक्षकाला हा भेद ठाऊक नसेल, तर तो भाषेच्या अडचणीवर गणिताचा उपाय करत राहतो.

या दिशेने गंभीरपणे झालेले एक काम इथे सांगितले पाहिजे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात थॉमस कारपेंटर, एलिझाबेथ फेनेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीच्या 40 शिक्षकांबरोबर अभ्यास करून 1989 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांतल्या निम्म्या शिक्षकांना त्यांनी अध्यापनाची ठरावीक रीत शिकवली नाही; बेरीज-वजाबाकीची उदाहरणे किती प्रकारची असतात आणि मुले ती कोणकोणत्या वाटांनी सोडवतात, एवढेच समजावून दिले. काही मुले गोष्ट जशीच्या तशी वस्तूंनी मांडतात, काही एका संख्येपासून पुढे मोजतात, काही माहीत असलेल्या बेरजेचा आधार घेतात. सहा आणि सहा बारा, म्हणून सहा आणि सात तेरा. या शिक्षकांच्या वर्गात मुलांचे म्हणणे अधिक ऐकले जाऊ लागले आणि मुलांची उदाहरणे सोडवण्याची क्षमता दुसऱ्या गटाच्या तुलनेत अधिक वाढली. शिक्षकाच्या ज्ञानात नेमकी कोणती भर घातली असता मुलांना फायदा होतो, हे सांगणारा हा पुरावा आहे. तो सर्वसाधारण वर्गांतला आहे हे खरे, पण विशेष शिक्षकाला याची गरज अधिक असते, कारण त्याच्यासमोरच्या मुलांच्या वाटा नेहमीच्या वाटांपासून अधिक वेगळ्या असू शकतात.

दृष्टिहीन मुलांचेच पाहा. टेलर फ्रेमवर अष्टकोनी खाचांत धातूचे खिळे वेगवेगळ्या कोनांत बसवून अंक मांडायला शिक्षक शिकवतात, अबॅकस शिकवतात, आणि ही कौशल्ये आवश्यकच आहेत. परंतु उभी मांडणी करून एककापासून सुरुवात करायची ही रीत मुळात डोळ्यांनी पाहून लिहिणाऱ्याच्या सोयीची आहे. 47 आणि 38 यांची बेरीज तोंडी करताना अनेक मुले चाळीस आणि तीस सत्तर, सात आणि आठ पंधरा, म्हणून पंच्याऐंशी अशी डावीकडून उजवीकडे जातात. ही पद्धत पूर्णपणे बरोबर आहे, स्मरणाला सोपी आहे आणि तीत संख्येचे आकारमान सतत मनात राहते. तिला चुकीची म्हणून मोडून काढणारा शिक्षक त्या मुलाचा सर्वांत बळकट आधार काढून घेत असतो.

मराठी संख्यानामांची अडचण वेगळी आहे आणि ती आपल्या घरची आहे. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि वीस नंतर, म्हणून ऐकलेल्या क्रमाने मूल 52 लिहिते. एकोणपन्नासमध्ये त्याला ‘एक’ आणि ‘पन्नास’ ऐकू येतात, म्हणून ते 51 लिहिते. एकोणनव्वदपर्यंत हा ‘एकोण’ सांभाळला, तर नव्व्याण्णवला तोही सुटतो. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या वादात भाषेच्या अस्मितेवर पुष्कळ बोलले गेले आणि मुलाला नेमके कुठे अडते यावर फार थोडे. अंक उलटे लिहिणे हे अध्ययन अक्षमतेचे लक्षण म्हणून प्रशिक्षणात सांगितले जाते. पण मराठी बोलणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाने पंचविसाचे 52 करणे हे बहुधा त्याने लक्षपूर्वक ऐकल्याचे लक्षण असते. हिंगोली-नांदेडकडच्या तांड्यांवरून येणाऱ्या, घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हा निष्कर्ष काढण्याआधी दुप्पट सावध राहायला हवे.

यावर काही जाणकार असे म्हणतील की अडचण असलेल्या मुलांना स्वतःच्या वाटा शोधायला लावणे म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडणे होय. त्यांना प्रत्येक पायरी स्पष्टपणे शिकवावी लागते, आणि त्याला संशोधनाचा आधार आहे. हा आक्षेप मी मान्य करतो. गणितात मागे पडलेल्या मुलांना स्पष्ट, टप्प्याटप्प्याचे अध्यापन लाभते याविषयी दुमत असू नये. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. कोणती पायरी स्पष्टपणे शिकवायची हे ठरवणार कोण, आणि कशावरून? ज्या मुलीला 43 ही एक संख्या वाटत नाही तिला हातच्याच्या पायऱ्या कितीही स्पष्ट शिकवल्या, तरी त्या चुकीच्या जागी शिकवलेल्या पायऱ्या असतील. मुलाचा विचार ऐकणे आणि स्पष्टपणे शिकवणे यांत विरोध नाही. पहिल्यावाचून दुसऱ्याला दिशा मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोलवर रुजलेला आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला व्यवहारापुरते पैसे आणि घड्याळ आले की पुरे, त्याच्या गणिती विचाराचा एवढा खल कशाला, असे प्रेमाने आणि काळजीनेही म्हटले जाते. परंतु व्यवहाराचे गणित विचाराशिवाय होते ही समजूतच चुकीची आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. विक्री करताना ही मुले जवळजवळ सगळे हिशेब बिनचूक करत होती, आणि तेच आकडे कागदावर उदाहरण म्हणून दिले तेव्हा त्यांना निम्मीही बरोबर आली नाहीत. आपल्या आठवडी बाजारांत कोथिंबिरीच्या जुड्या किंवा मिरच्यांचे वाटे घेऊन आईशेजारी बसणाऱ्या मुलांत अशी मुले असतात. दहाला एक जुडी असेल, तर तीन जुड्यांचे पैसे पन्नासच्या नोटेतून घेऊन वीस परत देणारे मूल बेरीज आणि वजाबाकी दोन्ही करत असते. बहुधा तिसापासून पुढे ‘चाळीस, पन्नास’ असे मोजून. पाव, अर्धा, सव्वा, दीड, अडीच हे शब्द त्याच्या कानावर रोज पडतात. शाळेत याच मुलाला अपूर्णांक कळत नाहीत अशी नोंद होते. जो शिक्षक ‘पन्नासमधून तीस कसे काढलेस?’ एवढे विचारील, त्याला पुढे मोजण्याची ती रीत वहीतल्या वजाबाकीला जोडता येईल. मग कमी शिकवण्याची दया दाखवण्याची गरज उरणार नाही.

ज्या वयात हे ऐकणे सर्वाधिक निर्णायक असते, त्याच वयात व्यवस्था त्याला कमी महत्त्व देते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने मान्य दिव्यांगत्वाचे प्रकार 21 केले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिसकॅल्क्युलियाचा, म्हणजे गणनेतील अक्षमतेचा, स्पष्ट उल्लेख केला. पण केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठ वर्षांच्या वयापासून पुढेच मिळते, आणि घाईने शिक्का बसू नये यासाठी ते योग्यही आहे. म्हणजे सहा ते आठ या काळात, निपुण भारत अभियान ज्या पायाभूत संख्याज्ञानासाठी चालवले जाते नेमक्या त्याच काळात, मुलाच्या अडचणीचा अंदाज घेण्याचे एकमेव साधन शिक्षकाची जाण हे असते. दुसऱ्या टोकाला दहावीत राज्य मंडळाने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना सातवीच्या पातळीचे अंकगणित घेण्याची मुभा दिलेली आहे. ती सवलत हा त्या मुलांचा हक्क आहे आणि तो राहिलाच पाहिजे. मात्र ती पुढे मिळणारच आहे या भरवशावर पाचवी-सहावीतच मुलाचे गणित सोडून देणे, हा त्या हक्काचा गैरवापर आहे.

शिक्षकांच्या बाजूने एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मधील निकालात समावेशक शाळांमध्ये विशेष शिक्षक आणि विद्यार्थी यांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर 1:10 आणि त्यापुढे 1:15 असे सुचवले. आपल्याकडे एकेका विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा, सर्व प्रकारचे दिव्यांगत्व आणि गृहाधारित शिक्षणाची मुले असतात. शिवाय वैद्यकीय मूल्यमापन शिबिरे, यूडीआयडी कार्डांचा (दिव्यांगांच्या ओळखपत्रांचा) पाठपुरावा, भत्त्यांच्या याद्या आणि यू-डायसची (शाळांविषयीच्या सरकारी नोंदींची) माहिती. एका मुलाशेजारी अर्धा तास बसून त्याचा विचार ऐकायला सवड हवी, आणि ती सवड ही वरच्या अधिकाऱ्यांनी द्यायची गोष्ट आहे. लातूर पॅटर्नने मराठवाड्याला गुणवत्तेचा मोठा आत्मविश्वास दिला, आणि त्या यशामागे शिक्षकांनी मुलांच्या एकेका चुकीवर घेतलेले कष्ट होते. तेवढाच वेळ आणि तेवढेच लक्ष या मुलांच्या वाट्याला का येऊ नये?

करता येण्यासारखे बरेच आहे, आणि त्याला मोठ्या निधीची गरज नाही. भारतीय पुनर्वास परिषदेच्या विशेष बी.एड. अभ्यासक्रमात विद्यार्थी-शिक्षक शालेय विषयांपैकी निवडक विषयांचे अध्यापनशास्त्र घेतात. त्यांत गणित नसले तरी पदवी मिळते आणि नेमणुकीनंतर गणित शिकवावेच लागते. प्राथमिक गणितातील मुलांचा विचार हा भाग त्यात सर्वांसाठी सक्तीचा व्हायला हवा. भरतीच्या परीक्षेत कायद्यांची कलमे विचारली जातात, तशी एका मुलाने सोडवलेली पाच उदाहरणे देऊन हे मूल काय विचार करत असावे आणि त्याला पुढचा प्रश्न कोणता विचाराल, असेही विचारता येईल. केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दर महिन्याला एक तास परिपत्रके बाजूला ठेवून, विशेष शिक्षक आणि वर्गशिक्षक यांनी एकत्र बसून आपापल्या शाळेतल्या दोन-तीन वह्या वाचाव्यात; डाएटमधील (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतील) गणिताच्या जाणकारांनी या तासाला हजर राहावे. वैयक्तिक आराखड्यात ‘काय येते’ या रकान्याशेजारी ‘कसे करते’ असा रकाना असावा आणि त्यात मुलाचे शब्द त्याच्याच बोलीत लिहिले जावेत.

बीड, जालना, परभणी, धाराशिवकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांना शिक्षण हमी कार्ड दिले जाते. त्यातून मुलाची इयत्ता आणि शाळा कळते, पण दिव्यांग मुलाच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. ‘वस्तू वीसपर्यंत मोजते, पण प्रत्येक वेळी एकपासून, काड्यांचे गठ्ठे दिले तर दशक ओळखते, तोंडी हिशेब पैशांत दिला तर जमतो’ अशा चार ओळी त्यासोबत गेल्या, तर कारखान्याच्या परिसरातल्या शाळेतील शिक्षकाला पुन्हा शून्यापासून चाचपडावे लागणार नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये मूल परत आल्यावर त्याच कागदावर पुढची नोंद करता येईल. टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात. सप्टेंबरच्या शिक्षण परिषदेपासून सुरुवात केली, तर या नोंदी त्याआधी तयार होऊ शकतात.